कळपात एक कमी

पुसेगाव
१२ नोव्हेंबर २०२४

रागिणीताई,

तू जिवंत आहेस हे मला परवा कळलं.

हिंगोलीत कोर्टासमोर एक टायपिंगचं दुकान आहे, मी तिथं कामाला जाते. एका बाईचा पोटगीचा अर्ज टाइप करत होते. मान वर केली तर दारात तुझी मैत्रीण शिला उभी, हातात माझी कादंबरी. म्हणाली, "पुनम, बाहेर ये जरा." बाहेर गेले तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "पोरगी जित्ती हाय. तुह्या पुस्तकात हाय तशीच. निजामाबादला असती. तिनं शपथ घातली व्हती म्हनून आजवर बोलले न्हाई."

मी आत गेले, अर्ज पुरा केला, प्रिंट काढून त्या बाईला दिली. मग मागं जाऊन नळाखाली तोंड धुतलं. रडले वगैरे न्हाई.

शिलाताईनं तुझा फोन नंबर दिला न्हाई, पत्ता तेवढा दिला. म्हणून हे पत्र. मला तुझ्यावर खूप रागवायचंय ताई, पण रागावले तर तू उत्तर देणार न्हाईस. म्हणून कादंबरीबद्दल लिहिते. सोबत एक प्रत पाठवली आहे. नाव 'कळपात एक कमी'. माझी पहिलीच. थरार कादंबरी म्हणतात असल्या पुस्तकाला.

आधी घरी काय झालं ते ऐक, ते तुला माहीत नसणार. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. बोअरच्या गाडीवरच्या विजयकुमारसोबत तू गेलीस हे सकाळीच गावभर झालं. मोठीमायचा प्रभूदादा, चुलत असून ज्याच्या खांद्यावर बसून आपण दोघींनी जत्रा पाहिली तोच, पोरं आणि मोटारसायकली घेऊन निघाला. डिकीत कोयते. बा कोकरं विकायला म्हणून टेम्पोतून कनेरगाव नाक्याकडं गेला होता. बाजाराचा वार न्हवता, पण त्या दिवशी कोण विचारतंय.

दिवस मावळता बा परत आला. धोतराला रक्त. अंगावर घोंगडी न्हाई. प्रभूदादा ओट्यावर वाट बघत होता. "काका, सापडली का?" बा म्हणाला, "विषय मिटला." तेवढंच. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. प्रभूदादानं मोटारसायकली लावून टाकल्या. पोलिसांत कोणी गेलं न्हाई. आणि मोठीमाय त्या दिवसापासून आपल्या घरात यायची बंद झाली. रस्त्यात माय दिसली तर बोलायची, पण उंबरा ओलांडायची न्हाई. म्हणायची, "लेकीचं रक्त सांडलेल्या घरचं पानी माह्या घशाखाली उतरत न्हाई." काही माणसं मात्र बाला पारावर सरकून जागा देऊ लागली. ते मला जास्त भ्यावाणं वाटायचं.

मला खरं वाटायचं का? कधी वाटायचं. मग बा आडलेल्या मेंढीजवळ बसून तिची मान कुरवाळताना दिसायचा, आणि वाटायचं न्हाई. धा वर्षं मी या दोन्हीच्या मध्ये राहिले. त्यातूनच कादंबरी झाली.

तिच्यातही एक नाका आहे, एक मेंढपाळ आहे, त्याची पोरगी गायब होते. सगळे म्हणतात बापानं मारली. एक बाई कॉन्स्टेबल तपास करते. शेवटच्या प्रकरणात तिला कळतं, की बापानंच पोरीला टेम्पोत मेंढ्यांच्या मधी घोंगडीखाली झाकून पळवली आणि खुनाचा आळ मुकाट्यानं अंगावर घेतला. मेलेल्या पोरीला कोणी शोधत न्हाई म्हणून.

हे मी मनानं रचलं. माझ्याजवळ होतं काय, तर बा घोंगडी न घेता घरी आला, एवढंच. बाकी मला जसं व्हायला हवं होतं तसं लिहिलं.

प्रकाशक संभाजीनगरचे. हस्तलिखित वाचून त्यांचा फोन आला, "सगळं जमलंय हो, पण मुडदा कुठंय? थरार कादंबरीत शेवटी मुडदा निघायला पाहिजे. पोरगी विहिरीत सापडू द्या." मी म्हटलं, आमच्याकडच्या विहिरींना तेवढं पाणी नसतं. ते हसले आणि छापलं त्यांनी.

वाचून कळव. एका ओळीचं लिहिलंस तरी चालेल.

पुनम

*

पुसेगाव
९ डिसेंबर २०२४

रागिणीताई,

तुझं उत्तर आलं न्हाई. शिलाताई म्हणते पत्र पोचलंय. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस. आपलं घराणंच तसलं.

इथं सगळं बराबर आहे. मायचे गुडघे दुखतात, तूर चांगली आली आहे. पुस्तक हिंगोलीच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवर लागलं. मी रोज बसमधून उतरले की लांबूनच बघते, ढीग कमी झाला का.

गावातही पोचलं. कोणी पुरतं वाचलं न्हाई, पण सगळ्यांना ठाऊक आहे त्यात काय आहे. पीठगिरणीवर एकजण मला म्हणाला, "बापाचा गुन्हा बरा छापून काढला." मी दळण घेतलं आणि आले.

ते बाच्या कानावर गेलं. एका रविवारी मी भाकरी घेऊन रानात गेले. मेंढ्या सोयाबीनच्या मोकळ्या वावरात बसवल्या होत्या. बा म्हणाला, "तुव्हं माह्यावर पुस्तक काढलं म्हन."

"तुमच्यावर न्हाई बा. गोष्ट आहे ती."

"मंग वाच. आइकतो."

मग दर रविवारी मी वाचायची आणि तो बाभळीच्या सावलीत काठी मांडीवर घेऊन ऐकायचा. मधी कधी म्हणायचा, "ही पोलीसबाई हुशार हाय." एकदा हसलासुद्धा. मला वाटलं लोकं उगीच घाबरवतात, त्याला आवडून राहिलं आहे.

काल शेवटचं प्रकरण काढलं. टेम्पोचा फाळका खाली येतो, बाप पोरीला म्हणतो, मेंढ्यांच्या मधी निज, त्यांचा वास अंगाला लागू दे. इथवर आले आणि बानं हात वर केला.

"हे तुला कोनी सांगितलं?"

"कोनीच न्हाई. मी लिहिलं."

"खोटं बोलू नको पुनम. कोनी सांगितलं?"

मी देवाची शपथ घेतली. तो मग उठला, काहीच कारण नसताना कळपाला एक फेरी मारून आला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "प्रभूनं वाचलं का हे?"

ताई, मी बाला बेभान झालेला पाहिलाय, दुष्काळात मेंढरं मरताना खचलेला पाहिलाय. भ्यालेला कधी पाहिला न्हवता. काल पाहिला. आणि तेव्हा मला कळलं.

खरंच तसं झालं का? तू सांग. तो सांगणार न्हाई. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बेस हाय. आता कोनाला दिऊ नको."

पुनम

*

पुसेगाव
१० जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र आलं. दुकानाच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. हिंगोलीहून पुसेगावला येईपर्यंत बसमध्ये वाचत होते. शेजारची बाई म्हणाली, "काहून रडून राहिली बाई, कोनी गेलं का?" मी म्हटलं, न्हाई, आलं.

त्या दिवशी नाक्याजवळच्या धाब्याच्या मागं तुम्ही दोघं बसला होता आणि बा समोर येऊन उभा राहिला. तुला वाटलं आता संपलं. आणि तो म्हणाला, "पोटात काही हाय का?" तू आधी भलताच अर्थ घेतलास, मग तो म्हणाला, "भाकर खाल्ली का म्हनतो मी." हे वाचून मी हसले, मग पुन्हा रडले.

मला जे रचता आलं न्हाई ते तुझ्या पत्रात होतं. टेम्पोत चढताना पत्र्यानं विजयकुमारचा तळहात फाटला आणि बानं आपल्या धोतराचा सोगा फाडून त्याला बांधला. म्हणजे सगळ्या गावानं पाहिलं ते रक्त त्यांचं. जावयाचं. बानं ते धुतलं न्हाई, तसंच अंगावर घेऊन गावातून चालत आला. आणि तुला बजावलं, "मी मेलो तरी येऊ नको. फोन करू नको. तू मेली असं समजतील तवरच तू जगशील."

म्हणून तू लिहिलं न्हाईस. मी धा वर्षं तुझ्यावर रागावलेली होते. तो राग आता ठेवू कुठं ते मला कळत न्हाई.

आता मागच्या पत्रात लपवलं ते लिहिते. इथं सगळं बराबर न्हवतं.

कोणीतरी निनावी अर्ज केला. सोबत माझं पुस्तक जोडलं. मुलीच्या खुनाची हकिगत मुलीच्या बहिणीनंच लिहिली आहे, चौकशी व्हावी, असा. ठाण्यातून जमादार आले. माणूस वाईट न्हवता. अंगणात खाटेवर बसून म्हणाला, "ज्ञानबा, पोरगी कुठं हाय एवढं सांगा. आमी चहा पिऊन जातो."

बा म्हणाला, "मला काही सांगायचं न्हाई."

"मेली का?"

"सांगायचं न्हाई."

"अवो, असं म्हनाल तर मला तुमाला घेऊन जावं लागंल."

"मंग चला," बा म्हणाला आणि पायात वहाणा घातल्या.

जमादारच गडबडला. त्या दिवशी नेलं न्हाई, दोनदा बोलावून मात्र घेतलं. बा जातो, बाकड्यावर बसतो, येतो. अक्षर बोलत न्हाई. प्रकाशकाला कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. पुस्तकावर 'सत्य घटनेवर आधारित' अशी पट्टी लावू, महिन्यात दुसरी आवृत्ती निघेल. मी म्हटलं, पट्टी लावलीत तर सगळ्या प्रती परत मागवेन. ते म्हणाले, "तसा हक्क तुम्हाला न्हाई." मी कोर्टासमोर बसते ताई, हक्क काय असतात ते रोज टाइप करते. तसं त्यांना सांगितलं. पट्टी लागली न्हाई.

तुझं पत्र मी मायला वाचून दाखवलं. हो, तिलाही ठाऊक न्हवतं. ती चुलीपुढून उठली, बाहेर गेली आणि बासमोर उभी राहिली. "धा वर्सं मी तिच्या नावानं घास काढून ठेवला. मला तरी सांगायचं व्हतं."

बा म्हणाला, "सत्यभामा, तुला सांगितलं असतं तर तुह्या डोळ्यांत दिसलं असतं."

माय त्याच्याशी बोलेना झाली आहे. भाकरी पुढ्यात ठेवते आणि आत जाते. तो मुकाट खातो. पण परवा मी पाहिलं, त्याच्या ताटात तुपाची धार होती.

आता तू ठरव. तू जिवंत आहेस एवढं तुझ्या तोंडून पोलिसांना कळलं की बा सुटतो. पण त्यांना कळलं की गावाला कळणार आणि गावाला कळलं की प्रभूदादाला. तो आता पहिल्यासारखा भडक न्हाई, पण त्याच्या पोटात काय आहे ते मला सांगता येत न्हाई. बा म्हणतो, "तिला कळवू नको. मला काय व्हतंय, बसलो तर बसलो." मी त्याचं न ऐकता कळवून राहिले.

तू काहीही ठरवलंस तरी मी तुझीच आहे.

पुनम

*

पुसेगाव
२ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू तिथल्या ठाण्यात जाऊन जबाब दिलास आणि व्हिडिओ कॉल लावायला लावलास हे जमादारांनीच येऊन सांगितलं. म्हणाले, "पोरगी खणखणीत हाय. मलाच दरडावली, माह्या बापाला बाकड्यावर काहून बसवता म्हनून." मग त्यांनी चहा मागितला. अर्ज निकाली काढला.

गावात दुपारपर्यंत झालं. मी मुद्दाम कामावर गेले न्हाई. बा मेंढ्या घेऊन रानात गेला न्हाई, ओट्यावर बसून राहिला. बोलला न्हाई तरी मला कळत होतं, तो प्रभूदादाची वाट बघत होता.

आधी आली मोठीमाय. एकटी. आता पार वाकली आहे, काठी घेते. अंगणात थांबली. पारावरची माणसं बघत होती. तिनं बाला विचारलं, "ज्ञानबा, खरं का रे?"

बानं होय म्हणून मान हलवली.

"तू मारली न्हाई तिला?"

"न्हाई वहिनी."

"मंग इतके दिस माह्या तोंडाला काहून लागला न्हाई? मी तुला काय काय बोलले. तू मान खाली घालून जायचा."

"तुमी घरात येत न्हवत्या म्हनून तर लोकाइला खरं वाटलं वहिनी. तुमी खोटं वागत न्हाई, हे गावाला ठाऊक हाय."

मोठीमायनं काठी भिंतीला टेकवली. उंबरा ओलांडला, आत येऊन जात्यापाशी बसली आणि म्हणाली, "सत्यभामा, पानी दे."

मायनं तांब्या भरून दिला. मोठीमाय सगळं पाणी एका दमात प्याली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दोघी जावा गळ्यात पडून अशा रडल्या की मला तिथं थांबवेना.

त्यातच प्रभूदादा आला. दारात उभा. हातात काही न्हवतं, मी आधी तेच पाहिलं. बा उठून त्याच्या आणि दाराच्या मधी उभा राहिला. तू तिथं न्हवतीस तरी.

आतून मोठीमाय ओरडली, "प्रभू, मी ह्या घरचं पानी प्याले. आता ह्या घराकडं वाकडं पाहायचं असंल तर आधी माह्याकडं पाहाय."

प्रभूदादा म्हणाला, "मी कुठं काय म्हनलो माय." मग बाला म्हणाला, "काका, त्या दिवशी मी नाक्यावरच व्हतो. तुमचा टेम्पो माह्या समोरून गेला. मी हात केला, तुमी हात केला."

"व्हय," बा म्हणाला.

"ती आतमधी व्हती?"

"व्हय."

प्रभूदादा म्हणाला, "मी तिच्या वाटंला जानार न्हाई. पर तिनं मला दादा म्हनू नये. मला ते जमनार न्हाई." आणि गेला.

हे तुला गोड करून सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून झालं तसं लिहिलं. पण एक गोष्ट तू वाचून सोडू नकोस, 'मी तिच्या वाटंला जानार न्हाई' हे तो पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला.

त्यानंतर बा आत आला, रिकाम्या हंड्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मायला म्हणाला, "आता तरी बोल." माय म्हणाली, "अंघुळीला पानी ठेवते. अंगाला मेंढराचा वास येऊन राहिला." एवढं बोलणं झालं.

तू फोन नंबर लिहून पाठवलास तो मी अजून लावला न्हाई. आवाज ऐकला की मला काही सुचणार न्हाई. पत्रात जरा धीर राहतो.

पुनम

*

हिंगोली स्टेशन
२ मार्च २०२५

ताई,

हे पत्र टपालानं येणार न्हाई. मायच्या हातात देते आहे.

तू बाला ये म्हणालीस तेव्हा मला वाटलं तो न्हाई म्हणेल. कळप सोडून तो माझ्या पदवीच्या समारंभालाही आला न्हवता. त्यानं एवढंच विचारलं, "मेंढ्या कोन पाहील?" मी म्हटलं, गडी लावू. माय म्हणाली, "न्हाई कोनी सापडला तर तुमी राहा, मी जाते." ती आधीच पिशवी भरून बसली होती. हळद, तुरीची डाळ, आरोहीसाठी शिवलेलं एक परकर-पोलकं. नातीचं माप तिनं तू पाठवलेल्या फोटोवरून बोटांनी घेतलं. बसलं न्हाई तर हसू नकोस.

गडी काही सापडला न्हाई. आज सकाळी बा वाडग्यावर उभा होता, निघावं की न्हाई या घोरात. तेवढ्यात प्रभूदादा आला. कोणाशी बोलला न्हाई. वाडग्याचं फाटक उघडलं, बाच्या हातातली काठी घेतली आणि कळप बाहेर काढला. बा म्हणाला, "ती काळी मेंढी लंगडती. तिला दामटू नको." प्रभूदादा मागं न बघता म्हणाला, "ठावं हाय काका." आणि धुरळ्यात दिसेनासा झाला. बा बघत राहिला. मग मला म्हणाला, "चल, बस चुकंल."

मी येत न्हाई आहे, रागावू नकोस. दुकानात सुट्टी न्हाई, आणि खरं सांगायचं तर पहिली भेट त्या दोघांची असू दे. मी उन्हाळ्यात येईन आणि चांगली भांडेन तुझ्याशी.

निजामाबादवरून जाणारी काचीगुड्याची गाडी लागली आहे. त्यांना बसवलं. बा आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसला. नवं धोतर नेसला आहे, टोपी परत परत काढून झटकतो. समोरच्या माणसाला आत्ताच म्हणाला, "लेकीकडं चाललो." त्यानं काही विचारलं न्हवतं. आता दुसऱ्या बाजूच्या बाईला सांगून राहिला.

ताई, तुझ्यासमोर आल्यावर त्याला काही बोलता येणार न्हाई. तो तुला विचारील पाऊसपाणी कसं, विजयकुमारचा हात दुखतो का, इकडं चारा काय भावानं मिळतो. विचारू दे. तू उत्तरं देत राहा. मधीच तो गप्प होईल. तेव्हा तू उठून आत जाऊ नकोस, त्याच्याजवळच बसून राहा.

शिट्टी झाली. मायनं खिडकीतून हात काढला आहे, पत्र दे म्हणते.

तुझी,
पुनम